‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांतील अंतर मराठी मुलाला आधीच ठाऊक असते

माननीय संपादक महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

नौपाड्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाचा विषय गेल्या काही महिन्यांपासून सुरू आहे. विकासकाकडून आलेल्या मसुद्यावर सभासदांचे म्हणणे इंग्रजीतून लेखी कळवावे असे ठरले आणि समितीने तसे पत्र पाठवले. पत्राचे पहिले वाक्य होते, ‘वी हॅव फ्यू ऑब्जेक्शन्स टू द ड्राफ्ट.’ समितीला म्हणायचे होते की, मसुद्यातील काही गोष्टींना आमच्या हरकती आहेत. वाक्याचा अर्थ मात्र असा झाला की, मसुद्याला आमच्या फारशा हरकती नाहीत. कार्पेट एरिया, मधल्या काळातील भाडे, कॉर्पस आणि पार्किंग यांविषयीचे सात मुद्दे वेगळ्या कागदावर जोडलेले होते. पण पुढच्या संयुक्त बैठकीचे इतिवृत्त तयार करणाऱ्याने पत्राचे पहिले वाक्यच उचलले आणि सभासदांची मसुद्याला जवळजवळ संमती असल्याची नोंद झाली. ती नोंद दुरुस्त करून घेण्यात दोन बैठका गेल्या आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत कटुता आली ती वेगळीच. पत्र लिहिणारे गृहस्थ बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले आहेत, त्यांचा इंग्रजी शब्दसंग्रह माझ्याहून मोठा असेल. इतिवृत्त लिहिणाऱ्यानेही काही लबाडी केली नव्हती. त्याने वाक्य जसे होते तसेच वाचले. ‘फ्यू’च्या आधी एक ‘अ’ असता तर यातले काहीही घडले नसते.

मी ऐरोलीतील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले. त्या एकतीस वर्षांत ज्या चुका मी लाल शाईने सर्वाधिक वेळा दुरुस्त केल्या, त्या काळाच्या किंवा स्पेलिंगच्या नव्हत्या. त्या ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ या उपपदांच्या आणि ‘फ्यू’, ‘लिटल’, ‘मच’, ‘मेनी’, ‘सम’, ‘एनी’, ‘ऑल’, ‘एव्हरी’ अशा संख्या किंवा परिमाण दाखवणाऱ्या शब्दांच्या होत्या. पूर्वी आपल्याकडे मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे; २००० सालापासून ते पहिलीपासून शिकवले जाते. म्हणजे आजचा विद्यार्थी दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी शिकतो, तरीही या चुका होत्या तिथेच आहेत. याचे कारण मुलांची कुवत हे नाही, आणि इंग्रजीचे तास कमी पडतात हेही नाही. ज्या फरकांसाठी इंग्रजी हे छोटे शब्द वापरते, त्यांतील बहुतेक फरक मराठी बोलणारे मूल तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून अचूक करत असते, आणि आपण शिक्षक त्याला ते कधी सांगतच नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. हे पत्र त्यासाठीच लिहीत आहे.

वर्गात हा विषय कसा शिकवला जातो, हे बहुतेक वाचकांना आठवत असेल. फळ्यावर ‘उपपदे तीन’ असे लिहायचे, ‘अ’ आणि ‘ॲन’ अनिश्चित, ‘द’ निश्चित असे सांगायचे, पंधरा-वीस नियमांची यादी वहीत उतरवून घ्यायची आणि मग रिकाम्या जागा भरायच्या. सूर्य, चंद्र, पृथ्वी यांना ‘द’, नद्यांना ‘द’, धर्मग्रंथांना ‘द’. मुले यादी पाठ करतात, रिकाम्या जागा भरतात, गुण मिळवतात. आणि त्याच कृतिपत्रिकेत पुढच्या पानावर निबंध लिहिताना ‘आय सॉ डॉग. डॉग वॉज बार्किंग’ असे लिहितात. रिकामी जागा समोर दिसते तेव्हा तिथे काहीतरी घालायचे आहे हे मुलाला कळते. स्वतः लिहिताना रिकामी जागा दिसत नाही, कारण मराठीत त्या ठिकाणी शब्दच नसतो. मराठीत उपपदे नाहीत, संस्कृतात नाहीत, रशियन आणि जपानी भाषांतही नाहीत. पण शब्द नाही याचा अर्थ जाणीव नाही असा होत नाही.

आपल्या लहानपणची गोष्ट घ्या. ‘एक होता काऊ, एक होती चिऊ. काऊचे घर होते शेणाचे, चिऊचे घर होते मेणाचे.’ पहिल्या वाक्यात ‘एक’ आहे, कारण ऐकणाऱ्याला काऊ अजून माहीत नाही. दुसऱ्या वाक्यात ‘एका काऊचे घर’ असे कोणतीही आजी म्हणणार नाही आणि म्हटले तर नातू लगेच विचारील की हा दुसरा काऊ कुठून आला. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी ‘अ क्रो’ येतो आणि दुसऱ्या ठिकाणी ‘द क्रो’. तीन वर्षांच्या मुलाला जे कळते, ते तेराव्या वर्षी आपण त्याला परक्या देशातील नियम म्हणून पाठ करायला लावतो. इंग्रजीतील ‘ॲन’ हा शब्द मुळात ‘एक’ या अर्थाच्याच जुन्या इंग्रजी शब्दापासून झिजून तयार झाला आणि व्यंजनापूर्वी तो आणखी झिजून नुसता ‘अ’ उरला. ‘द’सुद्धा जुन्या इंग्रजीतील ‘तो, ती, ते’ अशा दर्शक सर्वनामाच्या कुळातला आहे. म्हणजे इंग्रजांच्या पूर्वजांनीही ‘एक’ आणि ‘तो’ यांवरच काम भागवले होते. पुढे त्या भाषेत ते शब्द प्रत्येक वेळी उच्चारणे बंधनकारक झाले, मराठीत ते गरजेपुरते राहिले. वर्गात हे एवढे सांगितले तरी उपपदांविषयीची निम्मी भीती जाते, हा माझा अनुभव आहे.

‘एक’ नसलेल्या ठिकाणीही मराठी हा फरक करते आणि तो फार सुंदर रीतीने करते. ‘आम्ही मुलगी शोधत आहोत’ आणि ‘आम्ही मुलीला शोधत आहोत’ ही दोन वाक्ये पाहा. पहिल्या वाक्यात घरात लग्नाचा मुलगा आहे. दुसऱ्या वाक्यात घरातली मुलगी जत्रेत चुकली आहे. एका ‘ला’ या प्रत्ययाने केवढा फरक पडला. ‘मी डॉक्टर शोधत आहे’ म्हणजे कोणीही डॉक्टर चालेल, ‘अ डॉक्टर’. ‘मी डॉक्टरांना शोधत आहे’ म्हणजे तुम्हाला आणि मला माहीत असलेले ते डॉक्टर, ‘द डॉक्टर’. दहावीच्या वर्गात मी ही जोडी फळ्यावर लिहून फरक विचारत असे. उत्तर देताना एकही मूल अडखळल्याचे मला आठवत नाही, आणि त्यानंतर ‘अ’ आणि ‘द’ यांची व्याख्या सांगण्याची गरजही पडत नसे. हा उपाय माणसांच्या बाबतीत चालतो, वस्तूंच्या बाबतीत नेहमी चालत नाही, हे मान्य केले पाहिजे. ‘मी चष्मा शोधत आहे’ हे वाक्य हरवलेल्या चष्म्याबद्दल आहे की दुकानातल्या नव्या चष्म्याबद्दल, ते प्रसंगावरून समजून घ्यावे लागते. अशा वेळी मुलाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ऐकणाऱ्याला ही वस्तू कोणती ते कळले आहे का? मराठीत दुसरी एक खूणही मदतीला येते. जिथे ‘जो... तो’ अशी रचना आहे, ‘जे पुस्तक काल आणले ते’, ‘ज्या गाडीने आपण आलो ती’, तिथे इंग्रजीत बहुतेक वेळा ‘द’ लागतो. मराठीतला ‘तो’ हाच त्या ठिकाणचा ‘द’ आहे.

‘अ’ की ‘ॲन’ या प्रश्नावर तर मराठी मुलाच्या हातात असे साधन आहे जे खुद्द इंग्रज मुलाकडे नाही, आणि ते साधन म्हणजे देवनागरी लिपी. पुस्तकातला नियम सांगतो की स्वरापूर्वी ‘ॲन’ लावावे. मूल स्वर म्हणजे ए, ई, आय, ओ, यू ही पाच अक्षरे समजते आणि ‘ॲन युनिव्हर्सिटी’, ‘अ अवर’ असे लिहून मोकळे होते. नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. आणि देवनागरी उच्चार लिहिते. शब्द देवनागरीत लिहून पाहावा. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘अवर’ अ ने सुरू होतो, म्हणून ‘ॲन अवर’. ‘ऑनेस्ट’ ऑ ने सुरू होतो, म्हणून ‘ॲन ऑनेस्ट मॅन’. ‘युनिव्हर्सिटी’, ‘युनिफॉर्म’, ‘युरोपियन’ यांत पहिले अक्षर य आहे आणि ‘वन-वे’ यात व आहे. य आणि व ही आपल्या वर्णमालेत व्यंजने आहेत, म्हणून ‘अ युनिफॉर्म’, ‘अ वन-वे रोड’. आद्याक्षरांच्या बाबतीतही हेच. ठाण्याच्या परिवहन सेवेची बस ‘अ टीएमटी बस’ आहे आणि वाशीकडून येणारी ‘ॲन एनएमएमटी बस’ आहे, कारण पहिली ट ने आणि दुसरी ए ने सुरू होते. ‘ॲन एमएलए’, ‘ॲन एफआयआर’, ‘ॲन एक्स-रे’, पण ‘अ सिडको फ्लॅट’ आणि ‘अ यूपीएससी क्लास’. माझ्या शाळेतील अनेक मुले एनएमएमटीनेच येत असत, त्यामुळे हे उदाहरण त्यांना कधी विसरता आले नाही.

इथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. आपण ‘वर्ष’ या अर्थाचा इंग्रजी शब्द सर्रास ‘इयर’ असा बोलतो आणि लिहितो, आणि मग मूल ‘ॲन इयर’ लिहिते. मूळ उच्चारात आरंभी य आहे, म्हणून ते ‘अ यिअर’ असते; कान या अर्थाचा शब्द मात्र खरोखर इ ने सुरू होतो, म्हणून ‘ॲन इअर’. उलट जुन्या पिढीत एम, एल, एस या अक्षरांचा उच्चार ‘यम’, ‘यल’, ‘यस’ असा करण्याची सवय होती, आणि त्या उच्चारावर विसंबून कोणी ‘अ यमएलए’ लिहिले तर ते चुकते. म्हणजे देवनागरीची कसोटी लावायची तर उच्चार आधी नीट हवा. पण तेवढी काळजी घेतली, तर इतका सोपा आणि इतका भरवशाचा नियम इंग्रजीच्या व्याकरणात दुसरा सापडणार नाही. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना मी आणखी एक गोष्ट सांगत असे. ‘अंपायर’ या शब्दाच्या आरंभी पूर्वी न होता. ‘अ नंपायर’ असे म्हणता म्हणता लोकांना ते ‘ॲन अंपायर’ असे ऐकू येऊ लागले आणि न कायमचा उपपदाला चिकटला. ‘एप्रन’ या शब्दाचेही तसेच झाले, तोही पूर्वी ‘नेप्रन’सारखा होता. जो शब्द इतर शब्दांची तोडमोड करू शकतो, तो क्षुल्लक म्हणून सोडून देण्यासारखा नाही, हे मुलांना त्यातून आपोआप उमगते.

स्थलनामांपुढे ‘द’ केव्हा लावायचा, हे मात्र बऱ्याच अंशी पाठच करावे लागते आणि तिथे मराठीचा फारसा उपयोग नाही. तरी उदाहरणे आपल्या गावची घ्यावीत. ठाणे, वाशी, बेलापूर यांना काही लागत नाही. उल्हास नदीला ‘द’ लागतो, अरबी समुद्राला लागतो, अनेकवचनी येऊर हिल्सना लागतो. पण मासुंदा लेक किंवा उपवन लेक यांना लागत नाही. घोडबंदर रोड आणि पाम बीच रोड यांना नाही, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला आणि हार्बर लाइनला आहे. क्रमवाचक आणि श्रेष्ठत्वदर्शक शब्दांपुढे ‘द’ येतो, हा नियम शिकवायला ठाण्याच्या मुलाला थेम्सच्या काठी जाण्याचे कारण नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेली गाडी ही देशातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी, ‘द फर्स्ट पॅसेंजर ट्रेन इन इंडिया’. पहिली एकच असते, म्हणून ‘द’. ठाणे स्थानकावरून रोज जाणाऱ्या मुलाला हे एकदा सांगितले की पुरते.

आता ज्या शब्दाने आमच्या संस्थेचे दोन महिने घेतले, त्याकडे येते. पुस्तकात ‘फ्यू’ म्हणजे ‘थोडे’ आणि ‘अ फ्यू’ म्हणजेही ‘थोडे’ असे भाषांतर छापलेले असते. फार तर ‘अ फ्यू’पुढे ‘काही’ असा दुसरा अर्थ दिलेला असतो. मूल विचारते की मग फरक काय, आणि शिक्षक सांगतात की एक नकारात्मक आहे आणि एक सकारात्मक आहे. ते खरे आहे, पण त्यातून मुलाला काही दिसत नाही. मराठीत हा फरक ‘च’ करतो. ‘सभेला थोडे लोक आले’ आणि ‘सभेला थोडेच लोक आले’. पहिल्या वाक्यात आलेल्यांची दखल आहे, दुसऱ्यात न आलेल्यांची खंत आहे. आलेली माणसे दोन्ही वेळा बाराच असतील. ‘थोडे’ म्हणजे ‘अ फ्यू’, ‘थोडेच’ म्हणजे ‘फ्यू’. पाणी, वेळ, पैसा अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी त्याच नात्याने ‘थोडे’ म्हणजे ‘अ लिटल’ आणि ‘थोडेच’ म्हणजे ‘लिटल’. मराठीत ‘च’ जोडावा लागतो, इंग्रजीत ‘अ’ काढावा लागतो; गंमत इतकीच की खूण उलट्या बाजूला आहे, आणि आपली मुले नेमकी तिथेच फसतात. मराठीत साध्या अर्थासाठी काहीच जोडायचे नसते, म्हणून ती इंग्रजीतही काही जोडत नाहीत आणि नकळत नकाराचे वाक्य लिहून बसतात.

यावर मी एक पडताळा शोधून काढला होता आणि तो इतका उपयोगी ठरला की सर्व शिक्षकांपुढे तो आग्रहाने ठेवावासा वाटतो. आपल्या वाक्यात ‘फारसे... नाही’ घालून पाहावे. अर्थ तोच राहिला तर ‘अ’ लावू नये. अर्थ उलटला तर ‘अ’ लावलाच पाहिजे. ‘मसुद्याला आमच्या फारशा हरकती नाहीत’ हे आम्हाला म्हणायचे होते का? नव्हते. मग ‘अ फ्यू ऑब्जेक्शन्स’. ठाणे खाडीत दरवर्षी रोहित पक्षी येतात. २०२२ मध्ये या खाडीला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. एखाद्या विद्यार्थ्याने निबंधात ‘आय सॉ फ्यू फ्लेमिंगोज’ असे लिहिले, तर वाचणारा समजेल की यंदा पक्षी फारसे आलेच नाहीत आणि पर्यावरणाचे काहीतरी बिघडले आहे. त्या मुलाला मात्र आपण पक्षी पाहिल्याचा आनंद सांगायचा होता. माझा एक माजी विद्यार्थी महापे येथील एका कंपनीत लागला. पहिल्याच महिन्यात त्याने वरिष्ठांना ‘आय नीड लिटल टाइम फॉर धिस वर्क’ असे कळवले. त्याला मुदत वाढवून हवी होती; वरिष्ठांनी वाचले की याला या कामाला फारसा वेळ लागत नाही, आणि संध्याकाळपर्यंत काम पूर्ण करण्यास सांगितले. तो मुलगा हुशार होता, मन लावून काम करणारा होता. मला हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि मला माझ्या शिकवण्याची लाज वाटली, कारण त्याच्या तुकडीला मी ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ यादीतूनच शिकवले होते. वर सांगितलेला पडताळा त्यानंतरचा आहे.

मोजता येणारी आणि न मोजता येणारी नामे हा या विषयाचा पाया आहे, आणि इथे मराठी कधी साथ देते तर कधी आडवी येते. दोन्ही गोष्टी मुलांना मोकळेपणाने सांगायला हव्यात. ‘माहिती’ आणि ‘सामान’ यांचे अनेकवचन आपण करत नाही. ‘मला तीन माहित्या हव्या आहेत’ असे कोणी म्हणत नाही. म्हणून ‘इन्फर्मेशन’ आणि ‘लगेज’ यांना एस लावू नये, हे मराठीच्या आधारे सांगता येते. ‘बातमी’ आणि ‘सल्ला’ यांचे मात्र आपण ‘बातम्या’ आणि ‘सल्ले’ करतो, इंग्रजीत ‘न्यूज’ आणि ‘ॲडव्हाइस’ एकवचनीच राहतात. सर्वांत अधिक गोंधळ स्वयंपाकघरात होतो. आपण तांदूळ निवडतो ते अनेकवचनात, गहू दळून आणतो ते अनेकवचनात, पोहे भिजवतो तेही अनेकवचनात. भात, पीठ आणि दूध मात्र एकवचनात. इंग्रजीत तांदूळही ‘राइस’ आणि भातही ‘राइस’, आणि दोन्ही न मोजता येणारे. केस विंचरताना आपण ‘माझे केस’ म्हणतो, म्हणून मूल ‘माय हेअर्स’ लिहिते. या प्रत्येक चुकीमागे मराठीचे एक वचन उभे आहे. ते दाखवून दिले की चूक मुलाला स्वतःलाच दिसू लागते. ‘मच’ आणि ‘मेनी’ या दोहोंना आपण ‘खूप’ म्हणतो, ‘लेस’ आणि ‘फ्युअर’ या दोहोंना ‘कमी’ म्हणतो. तिथे ‘खूप’कडे न पाहता पुढच्या नामाकडे पाहायला शिकवावे. ‘फ्युअर’बद्दल मात्र अतिरेकही नको. अंतर, रक्कम आणि वेळ ही एकत्रित परिमाणे मानली जातात, त्यामुळे पाच किलोमीटरहून कमी अंतर ‘लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स’ असेच असते.

‘वन ऑफ माय फ्रेंड’ ही चूक तर मी सुशिक्षित घरांतूनही रोज ऐकते. ती ‘माझा एक मित्र’ या एकवचनातून येते. मुलाला ‘माझ्या मित्रांपैकी एक’ असे मराठीत म्हणायला लावावे, मग ‘फ्रेंड्स’ आपसूक येते. ‘वन अँड हाफ अवर’ हीसुद्धा तशीच. सव्वा, दीड, पाऊण, अडीच असे अपूर्णांकांचे सुटसुटीत शब्द आपल्याकडे आहेत, त्यामुळे ‘दीड’मध्ये दोन भाग आहेत आणि दुसऱ्या भागाला स्वतःचे ‘अ’ लागते हे लक्षातच येत नाही. ‘वन अँड अ हाफ अवर्स’ असे पूर्ण म्हणायला हवे.

संस्थांच्या कारभारात याहून गंभीर घोळ ‘ऑल’ आणि ‘नॉट’ एकत्र आले की होतो. ‘ऑल मेंबर्स हॅव नॉट पेड’ या वाक्याने कोणीच पैसे भरले नाहीत असेही कळते आणि सगळ्यांनी भरलेले नाहीत, काहींनी भरले आहेत, असेही कळते. मराठीतले ‘सगळ्यांनी पैसे भरलेले नाहीत’ हे वाक्यही तितकेच दुटप्पी आहे, त्यामुळे थकबाकीची नोटीस कोणत्याही भाषेत लिहिताना सावध राहावे. ‘नॉट ऑल मेंबर्स हॅव पेड’ किंवा ‘नन ऑफ द मेंबर्स हॅज पेड’ असे लिहिले तर वादाला जागा उरत नाही.

इंग्रजीच्या तासाला मराठी आणू नये, मुलांनी इंग्रजीतच विचार करावा, असे काही सहकारी मला नेहमी सांगत आले. त्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे, आणि ज्या घरांत इंग्रजी सतत कानांवर पडते त्या घरांतील मुलांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे बरोबरही असेल. कळव्याच्या किंवा तुर्भ्याच्या वस्तीतून येणाऱ्या मुलाच्या कानांवर दिवसभरात शाळेच्या तासापलीकडे इंग्रजीचे एक पूर्ण वाक्यही पडत नाही. उपपदे ऐकून अंगवळणी पडतात हे खरे, पण त्यासाठी ऐकू यावी लागतात. ज्या मुलाला ती ऐकू येत नाहीत, त्याला त्याच्याकडे असलेली भाषा वापरू न देणे हा त्याच्यावर अन्याय आहे. नियमांची यादी तरी कुठे इंग्रजीतला विचार असतो? तीही शेवटी मराठीतूनच पाठ केली जाते, फक्त मराठीची समज बाजूला ठेवून.

म्हणून माझ्या काही ठोस विनंत्या आहेत. मराठी माध्यमाच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत उपपदांचा आणि परिमाणवाचक शब्दांचा भाग मराठी वाक्यांच्या जोड्यांनी सुरू करावा : ‘मुलगी शोधणे’ आणि ‘मुलीला शोधणे’, ‘थोडे’ आणि ‘थोडेच’. परीक्षेत सुट्या वाक्यांतील रिकाम्या जागांऐवजी सहा-सात ओळींचा सलग उतारा उपपदे काढून द्यावा आणि कुठे काहीतरी हवे आहे हे मुलाला स्वतःला शोधू द्यावे, म्हणजे लिहिताना न दिसणारी जागा दिसण्याची सवय लागेल. शिक्षक प्रशिक्षणाच्या वर्गांत मराठीचे आणि इंग्रजीचे शिक्षक निदान एका दिवसासाठी एकत्र बसवावेत, कारण ‘ला’ प्रत्ययाबद्दल मला जे कळले ते माझ्या शाळेतील मराठीच्या बाईंकडून कळले, इंग्रजीच्या कोणत्याही पुस्तकातून नाही. आणि आपल्या वृत्तपत्राच्या शिक्षणविषयक पानावर आठवड्यातून एकदा अशा एका जोडीला चार ओळींची जागा मिळाली, तर ठाणे-नवी मुंबईतील जी मुले खासगी शिकवणी लावू शकत नाहीत, त्यांच्यापर्यंत ती पोहोचेल. मजकूर मी विनामूल्य लिहून देईन. माझ्याकडे दर शनिवारी सकाळी परिसरातील नऊ मुले येतात. गेल्या शनिवारी त्यांनीच अशा चौदा जोड्या शोधून वहीत लिहिल्या आहेत, आणि त्यांपैकी तीन माझ्याही लक्षात आलेल्या नव्हत्या.

कळावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
नौपाडा, ठाणे पश्चिम